कार्यालयीन संगणक-जाळ्यात बिनतारी राउटरची भर : नेकनूरसारख्या ग्रामीण केंद्रातील महाविद्यालयांच्या संदर्भात

बीजसंज्ञा : संगणक-जाळे, बिनतारी राउटर, आयपी पत्ता, डीएचसीपी, सांकेतिकीकरण, ग्रामीण महाविद्यालय

प्रस्तावना

बीड तालुक्यातील नेकनूर हे बालाघाटच्या पठारावरील, मांजरसुंबा-केज मार्गालगतचे आठवडी बाजाराचे गाव. अशा गावातील कोणतेही कार्यालय घेतले, मग ते महाविद्यालयाचे असो, ग्रामपंचायतीचे असो वा पतसंस्थेचे, तेथील संगणक-जाळ्याची घडण साधारणतः एकाच प्रकारची आढळते. भिंतीतून आलेली एक तार वा प्रकाशतंतू, त्याच्या टोकाला सेवा-पुरवठादाराने बसवून दिलेले एक यंत्र, त्यापुढे आठ अथवा सोळा छिद्रांचा एक स्विच आणि तेथून टेबलांपर्यंत गेलेल्या निळ्या-करड्या तारा. हे जाळे कोणी एकदा आखून उभे केलेले नसते. गरजेनुसार एकेक टेबल जोडत ते वाढलेले असते. त्यामुळे त्याचा नकाशा सहसा कोठेही उपलब्ध नसतो.

भारत संचार निगमने जानेवारी २००५ मध्ये ब्रॉडबँड सेवेस प्रारंभ केला. २००९ पासून राष्ट्रीय माहिती व संपर्क तंत्रज्ञान शिक्षण अभियानांतर्गत महाविद्यालयांना ब्रॉडबँड जोडण्या मिळू लागल्या. २०१० मध्ये इन्फ्लिबनेटच्या एन-लिस्ट उपक्रमाने महाविद्यालयीन प्राध्यापकांना इलेक्ट्रॉनिक नियतकालिके व ग्रंथ खुले केले. तोपर्यंत आंतरजाल ही प्रामुख्याने कार्यालयाची गरज होती. परीक्षा अर्ज, शिष्यवृत्तीची कामे आणि पत्रव्यवहार यांसाठी एका खोलीतील दोन-चार संगणक पुरेसे होते. पुढे प्राध्यापकांच्या हाती लॅपटॉप व मोबाइल आले, नॅकच्या मूल्यांकनात माहिती-तंत्रज्ञान सुविधांची विचारणा होऊ लागली आणि ‘वाय-फाय आहे काय?’ हा प्रश्न कार्यालयापासून ग्रंथालयापर्यंत सर्वत्र विचारला जाऊ लागला. या प्रश्नाचे सर्वांत स्वस्त उत्तर म्हणजे बाजारातून एक बिनतारी राउटर आणून असलेल्या स्विचमध्ये त्याची तार खोचणे.

उत्तर स्वस्त आहे व बव्हंशी योग्यही आहे. परंतु तार कोणत्या छिद्रात खोचली यावर कार्यालय दुसऱ्या दिवशी चालू राहील की नाही, हे अवलंबून असते. त्याहून गंभीर बाब अशी की, बिनतारी संदेश भिंतीपाशी थांबत नाही. जाळ्याच्या सीमा त्या दिवसापासून इमारतीच्या सीमांशी जुळत नाहीत. प्रस्तुत लेखात या दोन्ही बाबींचा, म्हणजे जोडणीच्या तंत्राचा आणि तिच्यातून उद्भवणाऱ्या जबाबदारीचा, विचार केलेला आहे. विवेचन संगणकशास्त्राच्या अध्यापकांसाठी नसून ज्यांच्याकडे ‘आयसीटी समिती’चे काम योगायोगाने आलेले असते अशा मराठीच्या, अर्थशास्त्राच्या वा वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांसाठी आहे.

राउटर नेमके काय करतो

‘राउटर’ म्हणून बाजारात मिळणाऱ्या डबीत वास्तविक तीन-चार स्वतंत्र यंत्रे एकत्र बसविलेली असतात. त्यांची कामे निरनिराळी आहेत हे ध्यानात न आल्यानेच बहुतेक घोटाळे होतात.

पहिले काम पत्त्यांच्या रूपांतराचे. महाविद्यालयाला सेवा-पुरवठादाराकडून बाहेरच्या जगासाठी बहुधा एकच पत्ता मिळतो; आत मात्र वीस-तीस संगणक असतात. या कामाची तुलना कार्यालयातील आवक-जावक लिपिकाशी करता येईल. मराठी विभागाचे पत्र असो वा लेखा विभागाचे, ते बाहेर पडते महाविद्यालयाच्या एकाच पत्त्यावरून. लिपिक त्यावर जावक क्रमांक टाकतो आणि नोंदवहीत ते कोणत्या टेबलावरून आले हे लिहून ठेवतो. उत्तर आले की त्यातील संदर्भ क्रमांक पाहून ते योग्य टेबलावर पोहोचविले जाते. राउटर हेच काम सेकंदाला हजारो वेळा करतो. यातील एक गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे : बाहेरून आलेल्या ज्या पत्रावर कोणताही संदर्भ क्रमांक नाही, ते कोणाकडे द्यावे हे लिपिकाला कळत नाही व तो ते बाजूला टाकतो. आतल्या संगणकांना मिळणारे पहिले संरक्षण या अज्ञानातूनच येते.

दुसरे काम पत्तेवाटपाचे. याला डीएचसीपी असे म्हणतात. संगणक वा मोबाइल जाळ्यात शिरताच ‘मला पत्ता द्या’ अशी हाक सर्वांना ऐकू जाईल अशी देतो. डीएचसीपी सेवा ती ऐकून त्याला १९२.१६८.१.१०५ असा एखादा पत्ता ठरावीक मुदतीसाठी देते आणि सोबत ‘बाहेर जाण्याचा दरवाजा १९२.१६८.१.१ येथे आहे’ असेही सांगते. (येथे अंक देवनागरीत छापले आहेत, यंत्रात ते इंग्रजी अंकांतच भरावे लागतात.) परीक्षेच्या दिवशी बैठक क्रमांक देण्यासारखेच हे काम आहे. क्रमांक देणारी व्यक्ती एकच असेल तर गोंधळ होत नाही.

तिसरे काम स्विचचे, म्हणजे आतल्या तारांना एकमेकींशी जोडण्याचे. राउटरच्या मागील बाजूस सारख्या रंगाची जी चार छिद्रे असतात ती याची होत. त्यांवर ‘लॅन’ असे लिहिलेले असते. वेगळ्या रंगाचे व ‘वॅन’ असे लिहिलेले पाचवे छिद्र आवक-जावक लिपिकाच्या खिडकीचे. चौथे काम बिनतारी प्रक्षेपणाचे. वास्तविक अनेक कार्यालयांना नव्या यंत्राकडून हवे असते ते एवढे चौथेच काम, कारण पहिली तीन जुने यंत्र आधीपासून करीतच असते.

एका कार्यालयात दोन पत्तेवाटप

समजा, एखाद्या महाविद्यालयाने नवा राउटर आणला आणि कोणतीही रचना न बदलता त्याच्या लॅन छिद्रात स्विचची तार खोचली. दिवा लागतो, मोबाइलवर नाव दिसते, सर्वांना समाधान वाटते. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र लेखापालांचा संगणक आंतरजालास जोडला जात नाही, ग्रंथालयातील जोडला जातो आणि दुपारी नेमके उलट घडते. सेवा-पुरवठादाराकडे तक्रार जाते. त्यांचा माणूस येतो, तपासतो आणि ‘लाईन ओके आहे’ असे सांगून जातो. ते खरेही असते.

घडलेले असते ते असे. जाळ्यात आता पत्ते वाटणारे दोघे झालेले आहेत. संगणक सकाळी सुरू होऊन हाक देतो, तेव्हा ज्याचे उत्तर आधी पोहोचेल त्याचा पत्ता तो स्वीकारतो. जुन्या यंत्राचे उत्तर आधी आले तर त्याला खरा दरवाजा कळतो. नव्याचे आधी आले तर नवा राउटर स्वतःचाच पत्ता दरवाजा म्हणून सांगतो. पण त्याच्या वॅन छिद्रात काहीच जोडलेले नसल्याने तो दरवाजा भिंतीत उघडतो. कोणता संगणक कोणाच्या वाट्यास जाईल हे रोज निराळे असते, म्हणून दोष सापडत नाही. दोन्ही यंत्रांचा मूळ पत्ता १९२.१६८.१.१ असाच असेल, आणि कारखान्यातून येताना तो तसा असण्याची शक्यता बरीच असते, तर गोंधळात आणखी भर पडते. एकाच नावाचे दोन लिपिक एकाच कार्यालयात बसल्यासारखी ती स्थिती होय.

उपाय सोपा आहे, पण त्यातील क्रम महत्त्वाचा आहे. नवे यंत्र जाळ्यास जोडण्यापूर्वी, एकाच संगणकाला तारेने जोडून, त्याची रचना बदलून घ्यावी. प्रथम जाळ्यातील जुन्या यंत्राचा पत्ता पाहून घ्यावा. विंडोज प्रणालीतील ‘आयपी-कॉन्फिग’ ही आज्ञा तो ‘डिफॉल्ट गेटवे’ या नावासमोर दाखविते. तो १९२.१६८.१.१ असेल तर नव्या यंत्रास त्याच मालिकेतील, परंतु पत्तेवाटपाच्या कक्षेबाहेरील एखादा पत्ता द्यावा, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२. अनेक यंत्रे दोनपासून दोनशे चोपन्नपर्यंतचे सर्व पत्ते वाटपास ठेवतात. अशा वेळी जुन्या यंत्रात जाऊन ती कक्षा शंभर ते दोनशे अशी आखडून घ्यावी, म्हणजे खालचे आकडे मुद्रक, स्विच व राउटर यांच्यासाठी मोकळे राहतात. पत्ता बदलताच संपर्क तुटतो. नव्या पत्त्याने पुन्हा प्रवेश करावा. मग बिनतारी जाळ्याचे नाव, परवलीचा शब्द व सांकेतिकीकरण निश्चित करावे आणि सर्वांत शेवटी नव्या यंत्रातील डीएचसीपी सेवा बंद करावी. ती आधी बंद केल्यास रचना करणाऱ्या संगणकालाच पत्ता मिळेनासा होतो व काम अर्धवट राहते. एवढे झाल्यावर स्विचची तार नव्या यंत्राच्या लॅन छिद्रात जोडावी. वॅन छिद्र रिकामे ठेवावे. आता ते यंत्र राउटर उरलेले नसून केवळ बिनतारी प्रवेशबिंदू झालेले असते.

अलीकडच्या पुष्कळ यंत्रांत ‘अॅक्सेस पॉइंट मोड’ अशी एक कळ असते आणि ती निवडली की हे सर्व बदल यंत्र स्वतः करते. तशी सोय असल्यास ती वापरावी हे उत्तम. मात्र यंत्राला मिळालेला नवा पत्ता कागदावर लिहून त्याच्या पाठीवर चिकटविणे तेव्हाही आवश्यक आहे. पत्ता माहीत नसलेला राउटर चालतो, पण त्याच्या रचनेत कोणालाच शिरता येत नाही, आणि मग परवलीचा शब्द बदलण्यासाठी सारे पुसून पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागतो.

आणखी एक चूक वारंवार होते. स्विच व राउटर यांच्यामध्ये, ‘वेग वाढेल’ या समजुतीने, दोन तारा जोडल्या जातात. सर्वांना उद्देशून दिलेली प्रत्येक हाक एका तारेने जाते व दुसरीने परत येते, पुन्हा जाते, पुन्हा येते. काही क्षणांतच संपूर्ण जाळे या फेऱ्यांनी भरून जाते. साध्या स्विचला हे चक्र ओळखता येत नाही. स्विचवरील सर्व दिवे एकाच लयीत वेगाने लुकलुकू लागले तर प्रथम ही शक्यता तपासावी.

राउटरमागे राउटर : कोण आत, कोण बाहेर

नव्या यंत्रातील डीएचसीपी बंद न करता स्विचची तार त्याच्या वॅन छिद्रात जोडणे, हा दुसरा मार्ग. यात पत्तेवाटपाचा संघर्ष होत नाही, कारण नव्या यंत्रामागे एक स्वतंत्र जाळे तयार होते. त्याची पत्तामालिका वेगळी असली पाहिजे, एवढी दक्षता पुरते, बाहेर १९२.१६८.१ असेल तर आत १९२.१६८.०. तथापि पत्र आता दोन आवक-जावक खिडक्यांतून जाते. संकेतस्थळे पाहण्यास त्याने अडचण येत नाही. बाहेरच्या जाळ्यातील संगणकावरून आतल्या मुद्रकावर छपाई मात्र होत नाही, व आतील संगणकाची सामायिक फाइल बाहेरच्यास दिसत नाही.

या मार्गाविषयी एक गैरसमज इतका रूढ आहे की त्याचा थोडा विस्ताराने परामर्श घेणे उचित ठरेल. अनेक ठिकाणी विद्यार्थ्यांसाठी वेगळा राउटर घेतला जातो आणि तो कार्यालयाच्या जाळ्याला वॅन छिद्रातून जोडला जातो. ‘विद्यार्थ्यांचे जाळे वेगळे केले, आता कार्यालय सुरक्षित’ असे गृहीत धरले जाते. वस्तुस्थिती नेमकी विपरीत आहे. दुसऱ्या राउटरमागे बसलेल्यांना बाहेर जाण्याची मुभा असते, आणि त्यांच्या दृष्टीने ‘बाहेर’ म्हणजे प्रथम कार्यालयाचेच जाळे. विद्यार्थ्याच्या मोबाइलवरून कार्यालयातील मुद्रकाचा वा सामायिक फाइल ठेवलेल्या संगणकाचा पत्ता टाकला तर निरोप तेथे सुखेनैव पोहोचतो. संदर्भ क्रमांक नसलेले पत्र बाजूला टाकणारा लिपिक येथे विद्यार्थ्यांचे रक्षण करीत असतो. कार्यालय त्याच्या खिडकीबाहेर उघड्यावर असते.

दोनच साधी यंत्रे उपलब्ध असतील तर कार्यालय आत व विद्यार्थी बाहेर अशी उलट मांडणी करावी. तीही निर्दोष नाही, कारण बाहेरच्या जाळ्यातील कोणी स्वतःलाच दरवाजा म्हणून घोषित करून कार्यालयाची वाहतूक आपल्याकडे वळवू शकतो. खरा उपाय म्हणजे मुख्य राउटरवरच दोन पृथक जाळी आखणे. बऱ्याच यंत्रांतील ‘गेस्ट नेटवर्क’ ही सोय याच कामाची आहे. परंतु ती मुख्य राउटरवर वापरावी. प्रवेशबिंदू म्हणून लावलेल्या स्वस्त यंत्रात ही सोय दिसत असली तरी तिच्यातील पाहुणे पुष्कळदा मूळ जाळ्यातच सोडले जातात. याची चाचणी एका मिनिटाची आहे : पाहुण्यांच्या जाळ्यावरील मोबाइलमधून कार्यालयीन मुद्रकाचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकावा, मुद्रकाचे पान उघडले तर पृथक्करण झालेले नाही. मोठ्या महाविद्यालयांनी व्हीलॅनची सोय असलेला स्विच घेणे इष्ट होय. त्याची किंमत अधिक असली तरी प्रवेश अर्जांसोबत येणारी आधार व जात प्रमाणपत्रांची शेकडो चित्रे ज्या संगणकात साठविलेली असतात, त्याच्या तुलनेत ती अल्पच आहे.

२००८ ची तीन पत्रे

बिनतारी जाळे उघडे ठेवल्याने काय होऊ शकते याचे उदाहरण महाराष्ट्राने पाहिलेले आहे, आणि त्यात एक महाविद्यालयही होते. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत साखळी बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी स्फोटांची जबाबदारी घेणारा ई-मेल वृत्तवाहिन्यांकडे पोहोचला. त्याचा आयपी पत्ता तपास यंत्रणांना नवी मुंबईतील सानपाडा येथील एका अमेरिकी नागरिकाच्या घरी घेऊन गेला. त्याच्या घरातील बिनतारी राउटरला संरक्षण नव्हते. इमारतीच्या परिसरातून कोणीतरी तो वापरला होता. २३ ऑगस्टला आलेला दुसरा ई-मेल माटुंग्याच्या खालसा महाविद्यालयाच्या बिनतारी जाळ्यातून गेला असल्याचे निष्पन्न झाले. १३ सप्टेंबर रोजी दिल्लीतील स्फोटांच्या वेळचा तिसरा ई-मेल चेंबूरमधील एका खासगी कार्यालयाच्या जाळ्यातून पाठविलेला होता. एक घर, एक महाविद्यालय आणि एक कार्यालय.

या घटनांचे तांत्रिक स्पष्टीकरण मागील विवेचनात आलेलेच आहे. आवक-जावक लिपिक सर्व पत्रे एकाच पत्त्यावरून बाहेर पाठवितो. बाहेरच्या जगास केवळ महाविद्यालयाचे नाव दिसते. पत्र कोणत्या टेबलावरून आले हे त्याच्या नोंदवहीत असते, पण साधे घरगुती यंत्र ही नोंदवही पत्रव्यवहार संपताच पुसून टाकते. म्हणून पोलीस दाराशी आले असता ‘आमच्यापैकी कोणी नव्हे’ असे सांगण्यास संस्थेकडे आधार उरत नाही. जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी असुरक्षित वाय-फाय शोधण्याची मोहीम हाती घेतली आणि फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने बिनतारी जोडण्या सुरक्षित करण्यासंबंधी सेवा-पुरवठादारांना निर्देश दिले. पुढे २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या निर्देशांनी सेवा-पुरवठादार, कंपन्या व शासकीय संस्था यांना आपल्या प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जतन करण्याचे बंधन घातले. महाविद्यालयाने हाच कालावधी आदर्श मानून नोंदी ठेवणारा राउटर निवडावा आणि त्यातील घड्याळ अचूक ठेवावे. वेळ चुकलेली नोंद निरुपयोगीच नव्हे, तर ती भलत्याच व्यक्तीकडे बोट दाखविणारी ठरते.

सांकेतिकीकरणाबाबत निवड आता अवघड राहिलेली नाही. डब्ल्यूईपी ही मूळ पद्धत २००१ मध्येच सदोष ठरली आणि २००७ पर्यंत ती एका मिनिटाच्या आत भेदता येऊ लागली. २००४ ची डब्ल्यूपीए२ व २०१८ ची डब्ल्यूपीए३ यांपैकी, सर्व साधने स्वीकारीत असल्यास, दुसरी निवडावी. जुने लॅपटॉप असल्यास दोहोंचे मिश्रण ठेवावे. ‘डब्ल्यूपीएस’ नावाची कळ मात्र बंद करावी. तिच्यातील आठ अंकी क्रमांक दोन तुकड्यांत तपासला जातो व शेवटचा अंक केवळ पडताळणीचा असतो. त्यामुळे दहा कोटींऐवजी अवघे अकरा हजार प्रयत्न पुरतात, हे २०११ मध्ये उघड झाले. परवलीचा शब्द कितीही लांब असला तरी हा मागचा दरवाजा उघडा राहिल्यास त्याचा उपयोग नाही. जाळ्याचे नाव लपविणे किंवा ठरावीक यंत्रक्रमांकांनाच प्रवेश देणे या उपायांना संरक्षण म्हणता येत नाही. नाव साध्या साधनांनी दिसते आणि यंत्रक्रमांक बदलता येतो. आजचे मोबाइल तर तो स्वतःच बदलून सांगतात.

राउटरच्या रचनेत शिरण्यासाठीचा परवलीचा शब्द हा वाय-फायच्या शब्दाहून वेगळा असतो. कारखान्यातून आलेला तो तसाच ठेवण्याची प्रथा इतकी सार्वत्रिक आहे की तिच्याविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही. तो बदलावा.

दगडी भिंती, पत्रे आणि आकाश

भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जानेवारी २००५ पासून परवानामुक्त आहे. ५ गिगाहर्ट्झमधील विस्तृत पट्टा, इमारतीबाहेरील वापरासह, ऑक्टोबर २०१८ मध्ये मुक्त झाला. पहिल्याचा पल्ला अधिक व वेग कमी, दुसऱ्याचे उलट. मराठवाड्यातील जुन्या दगडी इमारतींतील दोन-अडीच फुटी भिंत ५ गिगाहर्ट्झचा संदेश जवळजवळ गिळून टाकते. लोखंडी कपाटे व पत्र्याचे छत तो परतवून लावतात. भरलेली पाण्याची टाकी तो शोषून घेते. राउटर प्राचार्यांच्या दालनात, बहुधा कपाटाच्या मागे, ठेवण्याचा प्रघात आहे. तो मानाचा असला तरी उपयुक्त नाही. इमारतीच्या मध्यभागी, मार्गिकेत, माणसाच्या उंचीच्या वर व कपाटांपासून दूर ही त्याची जागा. एकाहून अधिक प्रवेशबिंदू असतील तर २.४ गिगाहर्ट्झमध्ये त्यांना १, ६ व ११ या परस्परांवर न येणाऱ्या वाहिन्या वाटून द्याव्यात आणि नाव व परवलीचा शब्द सर्वत्र एकच ठेवावा, म्हणजे चालणाऱ्या व्यक्तीचा लॅपटॉप एका बिंदूवरून दुसऱ्यावर आपोआप सरकतो.

बिनतारी माध्यमात एका वाहिनीवर एका वेळी एकालाच बोलता येते, हे विसरले जाते. साठ विद्यार्थ्यांच्या वर्गात साठही मोबाइल जोडले गेले की घरगुती राउटर बंद पडल्यासारखा होतो. तो बिघडलेला नसतो. प्रत्येक जण आपल्या पाळीची वाट पाहत असतो. येथे अधिक किमतीची जोडणी घेऊन काही साधत नाही, प्रवेशबिंदूंची संख्याच वाढवावी लागते.

प्रवेशाच्या दिवसांत आणखी एक अडचण उद्भवते. दोनशे पत्त्यांची कक्षा आणि चोवीस तासांची मुदत असेल, तर सकाळी परिसरात येऊन गेलेल्या विद्यार्थ्यांचे मोबाइल आपापला पत्ता दुसऱ्या दिवसापर्यंत अडवून ठेवतात. दुपारी सुरू केलेल्या कार्यालयीन संगणकास पत्ताच उरत नाही, आणि महाडीबीटीचा अर्ज भरण्याची मुदत तर सायंकाळी संपत असते. विद्यार्थ्यांच्या जाळ्यावरील मुदत एक-दोन तासांवर आणावी. कार्यालयातील संगणक व मुद्रक यांचे पत्ते राखून ठेवावेत.

तांब्याच्या तारेची मर्यादा शंभर मीटरची. ग्रंथालय स्वतंत्र इमारतीत असेल तर तार मोकळ्या आकाशाखालून नेण्याचा मोह होतो. बालाघाटच्या उघड्या पठारावर वळवाच्या विजा कडाडतात तेव्हा अशा तारेत, वीज तिच्यावर प्रत्यक्ष कोसळली नाही तरी, इतका दाब उत्पन्न होतो की दोन्ही टोकांचे स्विच जळून जातात. दोन इमारतींमध्ये प्रकाशतंतूच वापरावा. काचेतून वीज वाहत नाही. प्रकाशतंतूचे पुरवठादाराचे यंत्र, स्विच व प्रवेशबिंदू यांपैकी एकही बंद पडले तर साखळी तुटते, म्हणून भारनियमनाच्या काळात तिन्हींना बॅटरीचा आधार हवा. या यंत्रांची भूक अल्प असते. संगणकासाठी पंधरा मिनिटे पुरणारा यूपीएस त्यांना बराच अधिक काळ चालवू शकतो.

नोंदवही

यंत्रे बसवून झाल्यावर एक साधी वही उघडावी. तिच्या पहिल्या पानावर जाळ्याचा हाताने काढलेला नकाशा असावा : कोणती तार स्विचच्या कितव्या छिद्रातून कोणत्या टेबलाकडे जाते, कोणत्या यंत्राचा पत्ता काय, डीएचसीपी कोणाकडे आहे, कक्षा किती. पुढील पानांवर परवलीचा शब्द केव्हा बदलला व कोणास सांगितला याच्या तारखा. शब्द मात्र त्यात लिहू नये. तो बंद लिफाफ्यात प्राचार्यांच्या ताब्यात असावा. कर्मचारी सेवानिवृत्त झाला, तासिका तत्त्वावरील प्राध्यापकाचे वर्ष संपले किंवा दुरुस्तीसाठी बाहेरचा माणूस आला की त्याच आठवड्यात शब्द बदलावा व वहीत तारीख घालावी. सेवा-पुरवठादाराच्या ग्राहक क्रमांकाशी महाविद्यालयाचा सध्याचा दूरध्वनी जोडलेला आहे की पाच वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या मुख्य लिपिकाचा, हेही याच वेळी पाहून घ्यावे.